वनाच्या नावाची घागर

रतिलालनाना आले तेव्हा साडेसात झाले होते. आमच्या ह्यांच्या सायकलचा मागचा ब्रेक ढिला होता, तो आवळून द्यायला ते स्वतः पान्हे घेऊन आले. देवपुरात नानांचं सायकलचं दुकान आहे. पंचाहत्तरीला आले, पण हात अजून थरथरत नाही.

हे आणि माझा दीर कौतिक, दोघं दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. सायकलवाल्यांचा मोठा ग्रुप आहे धुळ्यात. बळसाण्याची जुनी दगडी मंदिरं बघायची, मग साक्रीच्या पुढे द्राक्षांच्या बागांमधून फिरायचं, एखाद्या जुन्या गावात मुक्काम आणि परत. मला हे पटलेलं नव्हतं. एप्रिलचा महिना, पोरगं आठ महिन्यांचं, आणि नवरा ऐंशी-नव्वद किलोमीटर सायकल मारत जाणार. पण माझं कोण ऐकतं.

ब्रेक झाला आणि लाईट गेली. सगळे गच्चीवर आलो. पोरगं माझ्या मांडीवर झोपलं. मी विचारलं, “पाण्याचं काय कराल? दोन बाटल्यांनी काय होतं?”

“तू म्हणजे ना,” हे म्हणाले. “खान्देशात पाण्याला कोणी नाही म्हणतं का? रस्त्यात कुठंही प्यायचं.”

“कुठंही म्हणजे कुठं, रोहिदास?” नाना म्हणाले.

त्यांनी ते असं विचारलं की कौतिकनं मोबाईलची बॅटरी बंद केली.

“आखाजी चार दिवसांवर आलीये. म्हणून विचारलं. नवलला ओळखता ना तुम्ही? कॉलेजात प्रयोगशाळेत होता तो. माझ्याकडूनच सायकल घेतली होती त्यानं.”

“त्यानं तर सायकल सोडली ना, नाना?” कौतिक म्हणाला.

“सोडली नाही. वर्षातनं एकदा चालवतो.”

मग नानांनी जे सांगितलं ते मी इथं लिहिते. नवलनं त्यांना सांगितलं तसं त्यांनी सांगितलं, त्यांनी सांगितलं तसं मी.

*

सन दोन हजार तेवीस. बावीस एप्रिल, शनिवार. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस.

पुढच्या रविवारी जळगावहून चौदा सायकलवाले यायचे होते आणि त्यांना बागांचा रस्ता दाखवायचं काम नवलकडे होतं. चहा कुठं मिळेल, सावली कुठं आहे, पंक्चरवाला कुठं बसतो, हे आधी एकदा बघून यावं म्हणून तो निघाला. त्याची सासुरवाडी साक्रीला. बायको ज्योत्स्ना आखाजीला माहेरी गेलेलीच होती, तीन वर्षांची पोरगी राणू तिच्याबरोबर. म्हणजे सण पण होईल, काम पण होईल.

पहाटे पाचला धुळं सोडलं. बळसाण्याची मंदिरं पाहिली, फोटो काढले. अकराच्या आत साक्रीला पोचला. दारात मेव्हण्यानं हात जोडले, “या जावाईबापू! पेट्रोल इतकं महाग झालं का हो?” सगळे हसले. सासूनं, मंदाबाईनं, सकाळीच मुलाकडून वारलेल्या सासऱ्याच्या नावाची घागर भरून घेतली होती. आपल्याकडे भरतात तशीच, गेलेल्या माणसाला पाणी पोचावं म्हणून. लाल मातीची घागर, गळ्याला कच्चं सूत, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. नवल घागरीच्या पाया पडला. खापरावरची पुरणपोळी आणि रस खाऊन झोपला.

साडेचारला उठून परत सायकल काढली तेव्हा ज्योत्स्ना चिडली.

“आजच्या दिवशी? सणाला?”

“अठरा किलोमीटर तर आहे. बाग बघतो, बारव बघतो, दिवेलागणीला परत.”

राणू पाठीमागे धावली. तिला दांड्यावर बसवून गल्लीत एक फेरी मारली, उतरवलं आणि तो गेला.

गावाचं नाव नानांनी सांगितलं नाही. लोक राहतात तिथं, उगाच कशाला, म्हणाले. पिंपळनेरच्या अंगाला कुठंतरी आहे एवढंच. गावात जुनी गढी आहे, पायऱ्यांची बारव आहे, आणि चोहीकडे द्राक्षबागा. नवलला सगळं आवडलं. एका बागवाल्यानं शेवटच्या तोड्यातली द्राक्षं खायला घातली. गप्पांत वेळ गेला. निघताना मागचं चाक बसलेलं. ट्यूब बदलेपर्यंत सात वाजून गेले. बाटली कधीच रिकामी झाली होती.

गावाबाहेर तीन किलोमीटरवर रस्त्याला लागून एक बाग आहे. छाटणी झालेली होती, तारांवर नुसते उघडे वेल, बांधावर काड्यांचे ढीग. तिजेची चंद्रकोर, तेवढाच उजेड. बांधावरच्या निंबाखाली त्याला घागर दिसली.

उन्हाळ्यात शेतकरी ठेवतातच रस्त्याच्या कडेला. येणाजाणाऱ्यानं प्यावं म्हणून. नवलला तेच वाटलं. वर डांगर-बिंगर काही नव्हतं, शेळीनं खाल्लं असेल की पोरांनी नेलं असेल. मातीची परळ झाकलेली, जवळ एक लोटी.

तो तीन लोट्या प्याला. दोन डोक्यावर ओतल्या. उरलेलं बाटलीत भरलं. ओतताना घागरीच्या गळ्याशी अंगठ्याला काहीतरी लागलं, दोरा लागतो तसं. त्यानं लक्ष दिलं नाही. आणि घरची सवय चांगली म्हणून, आत धूळ जाऊ नये म्हणून, रिकामी घागर त्यानं पालथी घातली.

*

“आरे देवा,” मी म्हणाले.

“तुला कळलं, बाई. त्याला नाही कळलं.” नानांनी तंबाखूची पुडी काढली आणि न खाताच परत ठेवली.

“पण नाना, सकाळीच तर पाया पडला होता तो घागरीच्या,” कौतिक म्हणाला.

“घरात होती ती घागर. ही रस्त्यावर होती. तहान लागली की माणसाला फक्त पाणी दिसतं.”

*

पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी एक माणूस उभा होता.

अंगात बनियन, खाली हाफ पॅन्ट. अनवाणी. दोन्ही हातांची ओंजळ करून ती तोंडाशी धरलेली. पाणी मागताना धरतात ना, तशी. तोंडानं काही बोलला नाही.

नवलला वाटलं, प्यालेला असेल. सणाचा दिवस. एकटा माणूस, अंधारा रस्ता, कशाला थांबायचं. त्यानं घंटी वाजवली आणि बाजूनं काढली.

बाटली होती त्याच्याकडे. भरलेली. हे तो नानांना पुन्हा पुन्हा सांगत होता. “बाटली होती नाना. थांबलो असतो तर...”

पुढच्या दगडापाशी तोच माणूस.

तेच बनियन. तीच ओंजळ.

नवलनं मागे बघितलं. मागे रस्ता मोकळा. पुढे बघितलं. माणूस होता.

ह्या वेळी घंटी वाजवली नाही. पाय जोरात मारले. जवळून जाताना अंगाला झळ लागली. विटांच्या भट्टीजवळून जावं तशी. चंद्र मावळतीला गेलेला, वारा गार, आणि एवढ्याच जागेत झळ.

पाणी प्यावं म्हणून त्यानं चालत्या सायकलवर बाटली काढली. हलकी लागली. झाकण घट्ट होतं. आत अर्धं पाणी.

तिसऱ्या दगडाकडे त्यानं बघितलंच नाही. मान खाली घालून सायकल मारली. पण रस्त्यावर दिव्याचा गोल पडतो ना पुढे... त्या गोलात त्याला पाय दिसले. भेगाळलेले. रस्त्याच्या मधोमध.

तो थांबला नाही.

धक्का लागला नाही. नुसती झळ. आणि कानाशी आवाज, सुकलेली जीभ टाळूला चिकटून सुटते तेवढाच.

साक्रीचे दिवे दिसले तेव्हा नऊ वाजत आले होते. बाटली कोरडी होती. त्यानं एक घोटही घेतला नव्हता.

*

घरी कोणाला सांगितलं नाही. सासुरवाडीत काय सांगणार, जावाई भुताला भ्याला म्हणून? जेवला, मेव्हण्याशी क्रिकेटच्या गप्पा मारल्या, गच्चीवर झोपला. ज्योत्स्ना आणि राणू खाली खोलीत.

एक वाजून दहा मिनिटांनी ज्योत्स्नानं हाक मारली.

राणू अंथरुणात बसली होती. पाणी मागत होती. ज्योत्स्नानं तिच्या छोट्या स्टीलच्या ग्लासातनं दिलं. संपवलं. परत मागितलं. दिलं. परत. सात ग्लास झाले, आठ झाले. एवढंसं पोट... आणि ओठ बघावेत तर फुटलेले. जीभ पांढरी.

मेव्हण्यानं गाडी काढली. दवाखान्यात नेलं. डॉक्टर बिचारा झोपेतनं उठून आला, चांगला माणूस. तपासलं. ताप नाही, जुलाब नाही, उलटी नाही. बोटातनं रक्त काढून साखर बघितली, ती बरोबर. मीठ-साखरेचं पाणी देत राहा, सकाळी परत आणा, म्हणाला. दुसरं तो तरी काय सांगणार?

दोन वाजता घरी आले. राणू आता रडत पण नव्हती. रडायला डोळ्यांत पाणी पाहिजे ना.

नवल तिच्यासमोर बसला. “राणू. काय होतंय बाळा?”

पोरगी त्याला पप्पा म्हणते. दुसऱ्या कोणत्या नावानं तिनं त्याला कधी हाक मारली नाही. तिनं वर बघितलं. दोन्ही हात जवळ आणले. ओंजळ केली. तोंडाशी धरली.

“भाऊ,” ती म्हणाली. “पानी दे ना.”

*

नाना थांबले.

माझ्या मांडीवरचं पोरगं झोपेत चुळबुळलं. मी त्याच्या ओठांना बोट लावून बघितलं. ओले होते.

*

मंदाबाईनं जावयाकडे बघितलं. सासू जावयाला कधी अरे-तुरे करत नाही. त्या रात्री केलं.

“रस्त्यात काय पिधं रे तू?”

त्यानं सांगितलं. निंबाखालची घागर. तीन लोट्या. बाटली.

“गळ्यात सूत व्हतं?”

त्यानं अंगठ्याकडे बघितलं.

“सूत व्हतं का?”

“...होतं.”

“मग रिकामी घागर?”

“पालथी घातली.”

मंदाबाई खाली बसली. ज्योत्स्नाला आत्ता कळलं. तिनं राणूला त्याच्या बाजूनं उचलून आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं. नवल म्हणतो, नाना, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेव्हणा गाडीची किल्ली घेऊन उभा राहिला. मंदाबाई म्हणाली, “नाही. ज्यानं पिधं त्यानंच जावं. जसा गेला व्हता तसाच जावं. एकट्यानं.”

घागर परत भरायला पितळेची कळशी नळाच्या पाण्यानं भरली. फडकं बांधून, दोरीनं कॅरियरला आवळली. दोन चाळीसला तो निघाला.

रस्त्यात कोणी दिसलं नाही.

एकही दगड नाही की जिथं तो थांबला नाही. प्रत्येक दगडापाशी उतरायचा. अंधारात बघायचा. “पाणी आहे भाऊ,” म्हणायचा. “पाणी आणलंय. घ्या.”

कोणी आलं नाही. त्याची त्याला जास्त भीती वाटली. कारण रस्त्यावर नाही, म्हणजे तो दुसरीकडे आहे. घरात आहे.

दर पाच मिनिटांनी ज्योत्स्नाचा मेसेज यायचा. मागतेय. अजून मागतेय. मग... डोळे मिटतेय.

मग मेसेज आला नाही.

बाग आली तेव्हा चार वाजायचे होते. निंबाखाली बाई बसली होती.

नवलला वाटलं, ही पण तसलीच. पण ती बाई जिवंत होती. ताईबाई नाव तिचं. पालथी घागर पुढ्यात घेऊन बसली होती. बागेत मजुरीला जाते ती, तिथंच पलीकडे झोपडीत राहते. झोप येईना म्हणून बघायला आली, आणि घागर अशी.

“कोनी करं हाई?” तिनं विचारलं. ओरडली नाही.

“मी,” नवल म्हणाला. “मला माहीत नव्हतं. पाणपोई वाटली.”

“मना मालकनी शे ती. वनानी.”

मग तिनं सांगितलं. वना तिचा नवरा, ह्याच बागेत कामाला होता. ऑक्टोबरात छाटणी झाली की वेलाच्या डोळ्यांना औषध लावतात, कोंब फुटावेत म्हणून. कोणत्या डोळ्याला लागलं आणि कोणता राहिला ते कळावं म्हणून त्यात गुलाबी रंग कालवतात. हातमोजे देतात, पण फाटके. दिवसभर वनानं औषध लावलं. बोटं गुलाबी झालेली. संध्याकाळी घोटभर दारू घेतली. त्या औषधावर दारू चालत नाही म्हणे. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ह्याच निंबाखाली पडला.

टेम्पोत टाकून नेलं. पंधरा किलोमीटर तो पाणी मागत होता. दोन्ही हात जोडून, अशी ओंजळ करून. टेम्पोतलं कोणीतरी म्हणालं, डॉक्टरनं बघितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. भल्यासाठीच म्हणालं. ताईबाईच्या हातात भरलेली बाटली होती. तिनं दिली नाही.

साक्री यायच्या आत गेला.

“माले पोऱ्या नही,” ती म्हणाली. “पहिली आखाजी त्यानी. कोन भरी? गावमां म्हनतस, बाईनी भरेल घागर पोचत नही. तरी मीच भरी. तो जठे पडना तठेच ठेवी.”

नवलनं कळशी सोडली. घागर सरळ केली. सूत तुटलेलं होतं. ताईबाईनं लुगड्याच्या काठाचा दोरा काढला, गळ्याला गुंडाळला.

तो पाणी ओतायला लागला, तर तिनं हात धरला.

“आसं नही. तू कोन त्याना? घागर भरनारानं नातं सांगनं पडस.”

नवलनं खिशाशी हात नेला. फोन खिशात. गप. किती वेळ गप.

“सांग ना.”

“भाऊ,” तो म्हणाला.

“मग नाव ली सन बलाव.”

“वनाभाऊ.” त्याला रडू आलं. “वनाभाऊ, पाणी पी. हे तुझं. पोरीला सोड... पाणी पी रे.”

घागर काठोकाठ भरली. कळशीत थेंब उरला नाही.

वारा नव्हता. तरी बागेतल्या तारा एका टोकापासून वाजत गेल्या, दुसऱ्या टोकापर्यंत. आणि घागरीतलं पाणी... नवल डोळ्यांनी बघत होता. उतरलं. बोटभर. मग आणखी बोटभर. काही आवाज नाही. अर्ध्यावर येऊन थांबलं.

ताईबाई पदर तोंडावर घेऊन बसून राहिली.

खिशात फोन वाजला. ज्योत्स्ना होती. बोलता येत नव्हतं तिला. एवढंच म्हणाली, “झोपली. घाम आलाय अंगाला. ओठ ओले आहेत.”

*

“मग?” कौतिकनं विचारलं.

“मग काय. पोरगी चांगली आहे. शाळेत जाते. आणि नवल दर आखाजीला सायकलनं जातो तिथं. दुसरी गाडी घेत नाही. घागर भरतो, नातं सांगतो. ताईबाईला लुगडं नेतो. तिला आता भावजयच म्हणतो तो.”

हे म्हणाले, “नाना, पोरांना कधी कधी होतं असं. उन्हानं. दिवसभर खेळली असेल.”

“होत असेल,” नाना म्हणाले. “मी काय डॉक्टर आहे? मी सायकलवाला.”

ते उठले. पान्हे पिशवीत भरले. जिन्यापर्यंत गेले आणि थांबले.

“दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं भांडी घासायला काढली. त्यात राणूचा तो ग्लास. एवढासा आहे. माझी चार बोटं पण आत जात नाहीत, मी घालून बघितली. त्याच्यावर गुलाबी डाग. राखेनं घासला, चिंचेनं घासला, जात नाही. अजून आहे. मी हातात घेऊन बघितलाय, रोहिदास. पाच बोटं आहेत. मोठ्या माणसाची. ठसठशीत.”

कौतिकनं मोबाईलची बॅटरी परत लावली.

“बाहेरनं असती तर मी पण म्हटलं असतं, कोणीतरी धरला असेल,” नाना म्हणाले. “आतून आहेत.”